मगदूम बेलीफ आणि उंबरमळ्याचा फाटा

मी दिवाणी कोर्टात नक्कलनवीस होतो. दुसऱ्याने लिहिलेलं काना-मात्रेचा फरक न करता उतरवून काढायचं आणि खाली सही मारायची, यात माझी उमेदीची वर्षं गेली. स्वतःचं म्हणून चार ओळी लिहायची सवय नाही. तरीही बाळाप्पा मगदूम यांच्याबद्दल लिहायला बसलोय, कारण मी नाही लिहिलं तर दुसरं कुणी लिहिणार नाही. बेलिफावर कोण लिहितो?

मगदूमअण्णा आमच्याच कोर्टात बेलीफ होते. उंच, हडकुळे, उन्हाने रापलेले. खाकी कोट, खाली धोतर, धोतराचा सोगा सायकलच्या साखळीत जाऊ नये म्हणून कमरेला घट्ट खोचलेला. सायकल काळी, जडशीळ, आणि तिच्या दांडीला समन्सांची कातडी पिशवी. संस्थान विलीन झालं, कोर्टाच्या दारावरची पाटी बदलली, साहेब बदलले, पण ती पिशवी आणि तो कोट तेच राहिले.

बेलीफ गावात आलेला कुणालाच आवडत नाही. बांधाचा दावा असो की भावकीतली वाटणी, कागद घेऊन येणारा तोच. अण्णांची सायकल पांदीतून वर येताना दिसली की माणसं परड्यातून पसार व्हायची. घरात बसलेला माणूस 'गावाला गेलाय' व्हायचा. म्हणून अण्णांनी सायकलच्या घंटीला कायमचं एक फडकं गुंडाळलेलं असे. "वाजली की गाव रिकामं हुतंय," ते म्हणायचे. रविवारी मात्र फडकं सुटायचं, आणि मग वाटेत म्हैस आडवी आली काय, नुसता पिंपळ दिसला काय, अण्णा घंटी वाजवत सुटायचे. आठवडाभराची तुंबलेली घंटी एका दिवसात वाजवून घ्यायचे म्हणा ना.

आमचं रविवार सायकल मंडळ निघालं ते स्वातंत्र्यानंतरच्या साली. इनामदार वकिलांनी नवी कोरी विलायती सायकल घेतली होती आणि ती दाखवायला त्यांना माणसं हवी होती, हे त्याचं खरं कारण. पण नावाला 'व्यायाम आणि देशदर्शन' असं होतं. वकील, दोन-तीन मास्तर, सराफकट्ट्यावरचे एक जण, सायकलदुरुस्तीवाला गुंडू मिस्त्री, असे आम्ही अठरा-एकोणीस जण जमलो. अण्णांना वकिलांनी बोलावलं ते फक्त त्यांना रस्ते माहीत होते म्हणून. पहिल्या रविवारी अण्णा आले, सगळ्यांच्या सायकली एकदा न्याहाळल्या आणि म्हणाले, "येतो. पर फाटा धरायचा असंल तरच."

फाटा धरायचा म्हणजे काय, हे आम्हाला तेव्हा कळलं. रस्त्याला जिथे जिथे फाटा फुटतो तिथे पुढच्यांपैकी एकाने उतरायचं आणि सगळ्यात शेवटचा माणूस पुढे जाईपर्यंत तिथून हलायचं नाही. तेही झाडाखाली नाही, उघड्यावर. "सावलीत हुबा ऱ्हायलास तर लांबनं दिसनार कसा?" शेवटचा आला की त्याला विचारायचं, मागे आणखी कोणी नाही ना, आणि मगच सायकलवर टांग टाकायची.

यामागे त्यांची वीस वर्षांची कमाई होती. बेलिफाने रस्ता विचारला की माणसं मुद्दाम उलटा दाखवतात. अण्णांना नेसरीकडे एकदा अशाच एका भल्या माणसाने ओढ्यापर्यंत नेऊन सोडलं होतं आणि पुढे वाटच नव्हती. ज्याच्या नावाचं समन्स होतं तो तोच होता, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. ही गोष्ट सांगताना ते स्वतःच सगळ्यांत जास्त हसत. "रस्ता इचारू ने," ते म्हणायचे. "फाट्यावर आपला मानूस असला म्हंजे इचारायची येळच येत न्हाई."

वकिलांना हे पटलं नव्हतं. त्यांना पुढे जायचं असे. पन्हाळ्याच्या चढावर ते एकदा सगळ्यांच्या आधी पाऊण तास वर पोचले, चहा पिऊन, मिशा पुसून आमची वाट बघत बसले. अण्णा वर आले ते सगळ्यांत शेवटी, माझ्याबरोबर, कारण माझी सायकल मी अर्ध्या चढापासून ढकलत आणत होतो. वकील म्हणाले, "काय मगदूम, पाऊण तास!" अण्णा म्हणाले, "वकीलसायेब, तुमच्या मागं कोन हुतं सांगा." वकील मागे वळून डोकी मोजायला लागले. "मग तुम्ही मंडळाचं न्हाई आला. तुम्ही तुमचं आलासा." त्यानंतर वकिलांनी फाटा धरायला कधी नकार दिला नाही, हे त्यांच्याबद्दलही सांगितलं पाहिजे.

मिरजेचं एक सायकल मंडळ होतं, फार शिस्तीचं. पांढऱ्या चड्ड्या, गळ्यात शिट्ट्या. ते एकदा कोल्हापूरला आले आणि किती तासांत आलो हे आम्हाला ऐकवायला लागले. आमची तोंडं उतरली. तेवढ्यात अण्णांनी खणखणीत आवाजात विचारलं, "पावणं, शेवटचा गडी कवा आला तुमचा?" त्यांचे दोघे अजून यायचे होते, कुठे होते ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "आमचा शेवटचा आमच्यातच हाय," अण्णा म्हणाले आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझी टोपी पडली. कारण तो शेवटचा गडी म्हणजे मी. नऊ वर्षं त्या मंडळात शेवटचा यायचा मान माझाच होता आणि आजही मी तो छाती काढून सांगतो. अण्णा असेपर्यंत आमच्यात शेवटचा असण्यात कमीपणा नव्हता.

अण्णा जैन. दिवेलागणीच्या आत जेवणारे. त्यामुळे परतीच्या वाटेवर सूर्य कलला की आख्खं मंडळ कुठल्यातरी विहिरीवर थांबायचं आणि अण्णा पिशवीतली भाकरी सोडायचे. त्या पिशवीत रविवारी समन्सं नसत. पण गावातल्या लोकांना ते कसं कळणार? सुरुवातीला आम्ही कुठल्याही गावात शिरलो की अण्णांना बघून दारं लागायची. एका म्हातारीने तर उंबऱ्यातूनच हात जोडले, "मालक गावाला गेल्यात." अण्णा म्हणाले, "आजी, मी पानी प्यायला आलोय." म्हातारीने पाणी दिलं, पण मालकांचं गावाला जाणं काही मागे घेतलं नाही.

हे सगळं अण्णा हसण्यावारी न्यायचे. एक गाव सोडून.

जयसिंगपूरकडून शिरोळला जाताना, शिरोळच्या अलीकडे दीड-दोन मैलांवर उजव्या हाताला उंबरमळ्याचा फाटा लागतो. आम्ही नरसोबाच्या वाडीला वर्षातून तीन-चारदा तरी जायचो, आणि तो फाटा अण्णा दुसऱ्या कुणाला धरू द्यायचे नाहीत. पुढे जाऊन स्वतः उभे राहायचे. आम्ही एकेक जण समोरून जायचो, पण त्यांचं तोंड आमच्याकडे नसायचं. ते उंबरमळ्याच्या रस्त्याकडे बघत असत. त्या गावात त्यांची थोरली बहीण दिली होती. आई लवकर गेली, अण्णांना वाढवलं ते त्या अक्कानेच.

दाजींचा भावकीशी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दावा लागला आणि समन्स निघालं. बेलिफांना कामं वाटून देणारे आमचे नाझर माणूस समजूतदार. त्यांनी सांगितलं, "मगदूम, बहिणीचं गाव आहे, मी दुसऱ्याला पाठवतो." अण्णा म्हणाले, "दुसऱ्याच्या बहिनीच्या गावात मीच जातो की." आणि गेले. दाजींनी समन्स घ्यायला नकार दिला आणि ते मळ्यात निघून गेले. असा नकार आला की कायद्याने पंच बोलावून कागद दारावर डकवायचा असतो. अण्णांजवळची खळ संपली होती. ते अक्काला म्हणाले, "अक्का, जराशी खळ दे." अक्काने चुलीवर कणकेची खळ करून दिली. अण्णांनी समन्स डकवलं, पंचांच्या सह्या घेतल्या. मग अक्काने आतून दार लावून घेतलं.

दाजी कोर्टात हजर झाले नाहीत. एकतर्फी निकाल लागला आणि विहिरीची पाळी गेली. नंतर दाजींनी अर्ज केला की समन्स पोचलंच नव्हतं. ते खरं की खोटं, हे सांगायला अण्णांना बोलावलं. आदल्या दिवशी दाजी कोर्टाच्या आवारात अण्णांना भेटले होते. फक्त 'डकवल्याचं ध्यानात नाही' एवढंच म्हण, असं त्यांनी विनवलं. अण्णांनी दुसऱ्या दिवशी शपथेवर सांगितलं, "डकवलं. खळ माझ्या भनीनं दिली." तो जबाब नकलेसाठी माझ्याकडे आला होता. मी तो उतरवत होतो तेव्हा अण्णा बाहेर बाकावर बसून सायकलच्या घंटीचं फडकं नीट करत होते.

त्यानंतर सात वर्षं अक्काचं दार अण्णांना बंद होतं. भाऊबीज आली की ते कोर्टात मुद्दाम लांबच्या गावाचं काम मागून घ्यायचे. त्यांना दुसरं काही नको होतं. त्या दारातून आत जाऊन एकदा जेवायचं होतं. त्यांनी हे गुंडू मिस्त्रीला एकदाच बोलून दाखवलं आणि मिस्त्रीने आम्हा सगळ्यांना सांगितलं.

आता त्या चैत्रातल्या रविवारचं. आम्ही वाडीला निघालो होतो. हातकणंगल्याच्या आसपास माझा टायर फाटला. पंक्चर नव्हे, टायरच. मी नेहमीप्रमाणे शेवटी, पुढे कुणाला पत्ता नाही, आणि सामान सगळं मिस्त्रीच्या पिशवीत. तेवढ्यात इचलकरंजीमार्गे कुरुंदवाडला जाणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "चला पावणं, सोडतो." मी सायकल वर टाकली, कुरुंदवाडला उतरलो आणि नावेतून सायकलीसकट पलीकडे वाडीला पोचलो. आपण केवढी हुशारी केली, असं वाटत होतं. मधले सगळे फाटे आपण चुकवले, हे डोक्यात आलंच नाही. नऊ वर्षं ज्याला त्या नियमाने सांभाळून आणलं, त्याच्याच डोक्यात आलं नाही!

घाटावर मंडळी आंघोळी उरकत होती. मिस्त्रीने टायर बदलून दिला. अण्णा दिसले नाहीत, पण ते नेहमी संगमावर लांबवर पोहायला जायचे, तेव्हा मला वाटलं गेले असतील. मधले फाटे धरणारे कंटाळून, मी मागून येतोय असं अण्णांना सांगून पुढे आले होते; मी घाटावर दिसलो तेव्हा त्यांना वाटलं, अण्णाही माझ्या मागेपुढेच असतील. दर्शन झालं. मी बासुंदी खाल्ली, जरा जास्तच खाल्ली, आणि झाडाखाली आडवा झालो. दोनच्या सुमाराला वकिलांनी मला हलवलं.

"कुलकर्णी, मगदूम कुठायत?"

"नदीवर नाहीत?"

"नदीवर? ते तुमच्याबरोबर नव्हते?"

मी उठून बसलो. गुंडू मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "तुमी ट्रकानं आलासा न्हवं? मग त्यो फाट्यावर हाय. सकाळी नवापासनं."

मी टोपीसुद्धा घेतली नाही. माझ्या आयुष्यात सायकल जोरात मारली असेल तर ती तेवढीच. वाडीचा रस्ता, मग शिरोळ, मग पुढचा तो उघडा माळ. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. मनातल्या मनात मी अण्णांची माफी मागत होतो आणि ते उन्हात पडलेले नसावेत म्हणून वाडीच्या देवाला नवस बोलत होतो.

फाट्यावर मैलाच्या दगडाला अण्णांची सायकल टेकवलेली होती. अण्णा नव्हते. तिथे भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, पन्नाशीची एक बाई उभी होती. दहा पावलांवर बाभूळ होती, पण ती उघड्यावर उभी होती. मला बघून तिने हात आडवा केला.

"थांबा. कुठलं पावणं?"

"कोल्हापूरचा. अण्णा मगदूम..."

"शेवटचं तुमीच काय?"

"मीच," मी म्हणालो. तेवढ्यापुरती मात्र त्या मानाची लाज वाटली.

"मागनं आनि कोन न्हाई न्हवं? त्यानं इचारून घ्याला सांगिटलंय."

"कोणी नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की."

तेव्हा कुठे ती बाई मैलाच्या दगडावर टेकली आणि पदराने तोंड पुसलं. "त्यो घरात हाय. जेवाय धाडलंय त्येला," ती म्हणाली. अक्का होती ती.

चालता चालता तिनेच सगळं सांगितलं. सकाळी पाण्याला गेलेल्या बायकांनी बातमी आणली की बेलीफ फाट्यावर उभा आहे. झालं. गावाची दारं लागली. गडीमाणसं लांबच्या शेतात जाऊन बसली. बाजाराला निघालेल्या दोन गाड्या परत फिरल्या, कारण फाट्यावरूनच जायचं होतं. कागद कुणाचा, यावर घरोघरी तर्क चालले. बारा वाजले तरी बेलीफ जागचा हलेना. "मालक म्हनालं, वाळू दे उन्हात. मग एक वाजला. मालकच उठलं. म्हनालं, त्यो पडंल तितं. जा, बग जा."

अक्का ताकाचा तांब्या घेऊन फाट्यावर गेली. सात वर्षांनी भावासमोर उभी राहून तिने पहिलं वाक्य विचारलं, "कुनाचं कागूद आनलंयस?"

"कुनाचंच न्हाई, अक्का. आमचा एक गडी मागं ऱ्हायलाय."

"मग चल घरला. दाजीनीच सांगिटलंय."

आणि अण्णा म्हणाले, "फाटा सोडून येता येत न्हाई, अक्का."

ज्या बोलावण्यासाठी त्या माणसाने सात वर्षं त्या रस्त्याकडे डोळे लावले होते, ते बोलावणं चालत आलं होतं, आणि तो माझ्यासाठी नाही म्हणत होता. मी तेव्हा पोटभर बासुंदी खाऊन घोरत होतो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! म्या म्हनलं, खळ मागिटलीस ती दिली. आता भाकरी वाडून बसलेय तर येत न्हाईस. सांग मला, काय करायचं आसतंय हितं. मी ऱ्हाते हुबी." अक्का हसली. "सांगिटलं की त्यानं. सावलीत जायचं न्हाई म्हनून दोनदा सांगिटलं."

घरी पोचलो. सोप्यात अण्णा पाटावर बसले होते, समोर ताट. दाजी भिंतीला टेकून बसलेले, दांडगे, पांढऱ्या मिशांचे. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. माझ्याकडे बघून दाजींनी विचारलं, "ह्योच काय तुमचा शेवटचा?"

"व्हय," अण्णा म्हणाले. माझ्यावर ते रागावले नाहीत. "आला न्हवं, बास झालं," एवढंच मला म्हणाले.

दाजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. त्यांना फारसं काही आवडलेलं दिसलं नाही. "ह्येच्यापायी सकाळधरनं उन्हात हुबा ऱ्हायलास?"

"कुनापायी बी ऱ्हायलो आसतो, दाजी."

दाजींनी मिशांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "कोर्टात बी आसंच बोललावतास तू."

अक्का चुलीपाशी तशीच थांबली. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला.

"सात वरसं मला वाटलं, आमच्यावरच उलाटलास," दाजी म्हणाले. "आज बगिटलं. तुझं सगळ्यास्नीच आसं हाय." आणि आत तोंड करून ओरडले, "अगं, बगत काय बसलीस? दही वाड की त्येला!"

अण्णा मान खाली घालून जेवले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. मी त्यांना कोर्टात, घाटात, पावसात, सगळीकडे बघितलं होतं, पण रडताना बघितलं ते तेव्हाच.

चारच्या सुमारास मंडळ गावात आलं. तोवर बेलिफाजवळ कागद नाही ही बातमी फिरली होती आणि ज्या गावाची दारं सकाळपासून बंद होती तिथे आम्हा अठरा जणांना घराघरांतून चहाची बोलावणी येऊ लागली. वकिलांनी निघायची सूचना केली, तेव्हा अण्णा म्हणाले, "तुमी व्हा फुडं. मी आज येत न्हाई. दाजी ऱ्हा म्हनत्यात." आणि मग जरा ओशाळून, "फाटं तेवढं धरा."

मे महिन्यात माझी गडहिंग्लजला बदली झाली आणि पुढे अण्णांची माझी गाठ पडली नाही. आजही ते माझ्या डोळ्यांपुढे आहेत ते त्या संध्याकाळचेच. गावाच्या वेशीवरून मी मागे वळून बघितलं. अण्णांच्या अंगात तो खाकी कोट नव्हता. दाजींचा ढगळ पांढरा सदरा होता, खांद्यावरून ओघळणारा. दोघे विहिरीच्या काठाने चालले होते. दाजी हात करून काहीतरी दाखवत होते आणि अण्णा मान डोलावत होते. मी हाक मारली नाही.

जाताना प्रत्येक फाटा आम्ही धरला. शिरोली नाक्यावरचा कारकून दर खेपेला आमची डोकी मोजायचा, त्याला तेवढीच करमणूक. त्या दिवशी त्याने दोनदा मोजलं आणि काळजीने विचारलं, "एक कमी हाय. मागं राहिला काय कोन?"

"हो," इनामदार वकील सगळ्यांच्या आधी म्हणाले, आणि इतक्या मोठ्याने म्हणाले की नाक्यावरच्या गाड्या थांबल्या. "आमचा एक माणूस बहिणीच्या घरी राहिलाय!"